नथीची पाठ

नथ समजून घ्यायची तर ती आधी उलटी करावी. समोरून ती आपल्या इतक्या ओळखीची असते की नजर तिच्यावर ठरतच नाही. लग्नातले फोटो, चैत्रातलं हळदीकुंकू, गौरीचा मुखवटा, सगळीकडे तीच मोत्यांची वळणदार ओळ, मधे लाल खडा, शेजारी हिरवा. पाठ मात्र सराफ आणि दुरुस्ती करणारा कारागीर यांच्याखेरीज फारसं कोणी बघत नाही. कारागिराला जे सांगायचं असतं ते सगळं तिथे असतं: तार कुठून निघाली, किती वेढे घेतले, कुठे मोती लहान पडला म्हणून वेढा वाढवला, टोक कुठे दडवलं. हाताने दागिने करायला शिकणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते की चांगली जुनी नथ मिळाली तर भिंगाखाली तिची पाठ वाच. पुढचं बरंचसं ती नथच शिकवते.

मी इथे वाचते आहे ती नथ आमच्या घरातली, जुन्या घडणीची. आकार कोयरीचा. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची सोन्याची मूळ तार, तिचं नाकाकडचं टोक कानशीने निमुळतं करून आकड्यासारखं वाकवलेलं. तिथून तीन बारके मोती चढत्या मापाने येतात. मग फूल: मधे कोंदणात बसवलेलं माणिक, दोन्ही अंगांना पाचूचे छोटे खडे, भोवती सात मोती. फुलापलीकडे आणखी दोन, आणि शेवटी सगळ्यांत मोठा, किंचित लांबट असा एक. एकूण १३ मोती. समोरून सोनं जवळजवळ दिसतच नाही. मोती एकमेकांना नुसते टेकून उभे राहिल्यासारखे वाटतात आणि तरी बोटाने दाबलं तर एकही हलत नाही.

उलटी केल्यावर या न हलण्याचं कारण दिसतं. प्रत्येक मोत्याला स्वतःची वेगळी तार आहे, केसाहून थोडीच जाड. ती मोत्यातून बाहेर पडते, मूळ तारेवर येते, तिथे दोन वेढे घेते आणि शेजारच्या मोत्याच्या आडोशाला संपते. शेवटच्या मोठ्या मोत्याला वेढे तीन आहेत, कारण त्याचं वजन जास्त. वेढे एकाला एक लागून बसलेत, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही आणि सगळे एकाच दिशेने फिरलेत. फुलाच्या पाचव्या आणि सहाव्या मोत्याच्या मधे मात्र चार वेढे आहेत. त्या जागी मोती मापाला थोडे कमी पडले असणार. समोरून फट दिसू नये म्हणून कारागिराने मागे दोन वेढे जास्त घालून मोत्यांना हवं तेवढं सरकवलं आहे. मला या नथीतली सर्वांत आवडती जागा हीच. हाती आलेले मोती जसे होते तसे स्वीकारून त्याने वर्तुळ पुरं केलं आणि त्याची खूण फक्त पाठीवर ठेवली.

नथ अशी तारेने का बांधतात, डाख देऊन का जोडत नाहीत, याचं उत्तर मोत्याच्या जातीत आहे. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर आणि त्यांना धरून ठेवणारं थोडं सेंद्रिय द्रव्य. त्याला आग सोसत नाही. ज्योत लागली की तो काळवंडतो, तडकतो. आम्लही सोसत नाही. लिंबाच्या रसानेसुद्धा त्याची झळाळी जाते. सोन्याच्या कामाला तर दोन्ही लागतं. डाख द्यायला ज्योत हवी, टाकणखार हवा, आणि ज्योतीनंतर धातूवर आलेली काळी साय काढायला आंबट पाणी किंवा तेजाब हवं. म्हणून नथीचा क्रम ठरून गेलेला आहे. आधी आगीची सगळी कामं: मूळ तार वळवणं, कोंदणाच्या वाट्या तिला डाखणं, बारीक तारांच्या टोकांना गोळी आणणं. मग आंबट पाण्याची आंघोळ, धुणं, ओप देणं. मग खडे. मोती सर्वांत शेवटी, आणि मोत्याला हात लागल्यावर शेगडीकडे परत जायचं नाही. समोरून पाहणाऱ्याला मोती पहिला दिसतो. करणाऱ्याच्या हातात तो शेवटी येतो. नथीचं सगळं रूप या एका मनाईतून आलेलं आहे. आगीशिवाय घट्ट धरून ठेवायचं, तर तारेचा ताण एवढाच उपाय उरतो.

घरी नथ करणाऱ्या अनेकींची पहिली अडचण इथेच होते. मोती बांधून झाल्यावर लक्षात येतं की आकडा नीट बसत नाही, किंवा कोंदण डगमगतं, आणि मग हाती येतो तो गोंद. गोंदाने धरलेली नथ काही दिवस छान दिसते, पण घाम आणि अत्तर गोंदाला खातात. त्याहून वाईट म्हणजे गोंद मोत्याच्या वेजात, म्हणजे छिद्रात, शिरला की तो मोती पुन्हा वापरणं कठीण होतं. त्यापेक्षा सुरुवातीला नुसता सांगाडा तयार करून आरशासमोर नाकाला लावून बघावा. एकही मोती नसलेली ती वाकडी तार नाकावर बरोबर बसली, तर पुढचं निम्मं काम झालं.

गोळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पाठीवरून ती दिसत नाही आणि समोरून ती शोधावी लागते. प्रत्येक मोत्याच्या बाहेरच्या तोंडाशी भिंगातून एक इवलासा सोन्याचा ठिपका दिसतो. तारेचं टोक ज्योतीत धरलं की सोनं वितळतं आणि पृष्ठताणामुळे आपण होऊन गोल होतं. ती गोळी मोत्याच्या वेजातून आत जात नाही, म्हणून मोती तारेवरून निसटत नाही. तार खाली सरळ लोंबती धरावी आणि ज्योत टोकाकडून आणावी, म्हणजे गोळी मधोमध बसते. तार आडवी धरली तर ती एका बाजूला झुकते. चांदी आणि तांबं यांनाही अशीच गोळी येते. पितळ मात्र त्रास देतं, त्यातलं जस्त जळतं आणि टोक खडबडीत राहतं. पितळेची तार वापरायची असेल तर टोकाला गोळी असलेल्या तयार पिना घ्याव्यात.

वेज पाडणं ही तर स्वतंत्र विद्या. नैसर्गिक मोती वजनावर विकले जात, म्हणून वेज शक्य तेवढा बारीक ठेवत. जुन्या मोत्यांत तो बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतो. श्रीलंकेतल्या मोती विंधणाऱ्यांची रीत नोंदवलेली आहे. लाकडी ठोकळ्याच्या खळगीत मोती बसवायचा, कमानीने सामता फिरवायचा आणि शेजारच्या करवंटीतल्या पाण्यात करंगळी बुडवून वेजावर थेंब सोडत राहायचा, म्हणजे मोती तापत नाही. एका बाजूने आरपार न जाता दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं जायचं, नाहीतर दुसऱ्या तोंडाशी कपचा उडतो. आणि वेज कुठे पाडायचा? मोत्यावर जिथे डाग किंवा खळगी असेल तिथेच. दोष छिद्रात जातो, निर्दोष पाठपोट उरतं. आपण विकतचे वेज पाडलेले मोती वापरतो, पण हा विचार आपल्यालाही उपयोगी आहे. प्रत्येक मोत्याला एक चांगलं तोंड असतं. बांधण्यापूर्वी पांढऱ्या कापडावर, खिडकीच्या उजेडात, दिवा बंद करून मोती फिरवून बघावा आणि चांगलं तोंड समोर येईल असा धरावा. माप लावतानाही आधी आकार, मग रंग. आकारातला फरक डोळ्याला लगेच खुपतो. रंगातला किंचित फरक शेजारी शेजारी न ठेवता ओळीभर हळूहळू पसरवला तर तो फरक न वाटता खोली वाटते. आमच्या नथीतले नाकाकडचे तीन मोती पिवळसर आहेत आणि टोकाचा मोठा गुलाबी झाकेचा. मधल्या नऊ मोत्यांत तो रंग इतक्या सावकाश बदलत गेला आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे मोती कुठून आले असतील याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे जुन्या नथींतल्या मोत्यांना बसरा मोती म्हणतात. इराणच्या आखातातले मोती बसऱ्याच्या बाजारातून येत, आणि मुंबई ही त्यांची निवड करण्याची, विंधण्याची आणि विकण्याची मोठी पेठ होती. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवला. पुढे गोल संवर्धित मोती बाजारात आले आणि १९३० च्या दशकात आखातातला मोत्यांचा व्यवसाय कोसळला. त्यामुळे आजी-पणजीच्या नथीतला एखादा मोती हरवला तर त्याला जोड मिळवणं अवघड झालं आहे. नथ स्वतः मात्र आपल्याला वाटते तेवढी पुरातन नाही. अजिंठ्याच्या चित्रांत गळा, कान, केस, दंड दागिन्यांनी भरलेले आहेत, नाक मात्र मोकळं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ साली नथीच्या प्राचीनतेवर इंग्रजीत लेख लिहून या प्रश्नाचा माग काढला होता. नथीवर माया असणाऱ्याने तो जरूर वाचावा.

आता तारेकडे. जुन्या नथीतली तार २२ कॅरटच्या आसपासच्या सोन्याची आणि नरम असते. नरमपणा इथे गुण आहे. वेढा घेतल्यावर ती उसळून परत येत नाही, जिथे ठेवली तिथे राहते. सोनार ती जंतरातून ओढतो, एका छिद्रातून पुढच्या बारीक छिद्रात, आणि ओढून ओढून धातू ताठर झाला की तापवून पुन्हा नरम करतो. तापवताना खोलीत अंधार ठेवतात, कारण फिक्या लाल रंगाची पहिली झाक उजेडात दिसत नाही, आणि त्या झाकेपुढे गेलं तर बारीक तार वितळून जायची भीती. घरी काम करणारीने बाजारातून तार घेताना मिलिमीटरमध्ये माप मागावं. गेजचा नुसता आकडा फसवतो: २० गेजची तार अमेरिकी मापात ०.८१ मिलिमीटरची आणि ब्रिटिश मापात ०.९१ मिलिमीटरची. मूळ तारेसाठी ०.८ ते १ मिलिमीटर आणि बांधणीसाठी ०.३ मिलिमीटरच्या आसपास, हे प्रमाण माझ्या अनुभवात सर्वांत चांगलं जमतं. नकली मोत्यांचा वेज मोठा असतो, त्यात ०.३ची तार सैल पडते आणि मोती डुलतो. तिथे जाड तार घेण्याचा मोह आवरावा, कारण जाड तारेचे वेढे समोरून दिसतात. बारीक तारच दुहेरी घालावी. नकली मोती निवडताना भिंगाने वेजाची कड बघावी; तिथे मुलामा सुटलेला असेल तर तारेच्या घर्षणाने तो पुढे आणखी सोलत जाणार.

बांधणीची सुरुवात कुठून करायची? पहिल्यांदा नथ करणारी बहुतेक नाकाकडच्या टोकापासून ओळीने निघते आणि शेवटी फुलाला जागा पुरत नाही. आमच्या नथीची पाठ वेगळं सांगते. फुलाच्या डाव्या अंगाचे वेढे डावीकडे संपतात, उजव्या अंगाचे उजवीकडे. म्हणजे कारागीर माणकापासून निघाला आणि दोन्हीकडे गेला. हेच बरोबर आहे, कारण फुलाचं माप खड्यावर ठरतं आणि ते बदलता येत नाही. बाजूच्या ओळीत एखादा मोती लहानमोठा करून जुळवून घेता येतं.

वेढा घेताना पक्कड जपून वापरावी. पक्कडीने तार पिळली की ती त्या जागी दबते, ताठर होते आणि काही महिन्यांनी तिथेच तुटते. बोटाने ओढावी. मूळ तार डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट, बारीक तार तिच्याशी काटकोनात, आणि प्रत्येक वेढ्याआधी एक हलकी ओढ. चुकलेला वेढा उलगडून तीच तार पुन्हा त्याच जागी वाकवली की धातू थकतो. दोनदा उलगडलेली तार टाकून नवीन घेतलेली बरी. आणि तारेत गाठीसारखी कडी पडू लागली की ओढू नये. दोन्ही बाजूंनी सैल करून आधी ती कडी उघडावी, मगच पुढे जावं. मला स्वतःला ही ओढ हातात बसायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ती शब्दांत सांगणं कठीण आहे. ओढ कमी पडली तर मोती डुलतो, जास्त झाली तर तार मोत्याच्या वेजाची कड कापते. मोती तारेवर जेमतेम फिरू शकेल इतपत हे योग्य माप.

टोकं हा पाठीवरचा शेवटचा मजकूर. नथीची पाठ नाकपुडीला आणि वरच्या ओठाला लागते, तिथे एकही टोक उभं राहून चालत नाही. जुना कारागीर टोक शेवटच्या वेढ्याच्या कडेला मुडपून शेजारच्या मोत्याच्या खोबणीत दाबतो. तपासण्याची सोपी रीत म्हणजे कापसाचा पेळू पाठीवरून चारही दिशांना फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी काम संपलेलं नाही. अडकलेल्या जागी कानस चालवू नये, मोत्याला लागते. नखाने किंवा लाकडी काडीने टोक दाबावं.

आकड्याच्या बाजूला मात्र नरमपणा चालत नाही. सारखा उघडमिट होणारा भाग नरम राहिला तर वाकडा होत जातो. म्हणून मोती बांधण्यापूर्वीच आकड्याची तार ऐरणीवर हलक्या हातोडीने ठोकून ताठर करतात. नाक न टोचलेल्यांसाठी चापाची नथ करायची असेल तर हे ठोकणं दुप्पट महत्त्वाचं, कारण चापाची पकड तारेच्या स्प्रिंगवर अवलंबून असते आणि नरम तारेत ती नसते. तोल हाही इथलाच प्रश्न. नाकापेक्षा मोती जड ही म्हण आपण दुसऱ्याच अर्थाने वापरतो, पण नथ करणारीने ती शब्दशः घ्यावी. मोती बांधण्याआधी ते सांगाड्यावर मेणाने तात्पुरते चिकटवून नथ सुईवर टांगावी. ती मोठ्या मोत्याकडे एकदम कलंडली तर नाकातही कलंडणार आणि दिवसभर बोटाने सावरावी लागणार. आमच्या नथीत शेवटचा मोती मोठा आहे, पण मूळ तार तिथे किंचित आत वळवली आहे. त्यामुळे त्याचं वजन छिद्राच्या खाली येतं आणि फूल गालाकडे बरोबर उघडं राहतं. समोरून ते वळण केवळ नजाकत वाटते.

खड्यांबद्दल एकच गोष्ट सांगते, पण ती जुनी नथ सांभाळणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. जुनी कोंदणं मागून बंद असतात आणि खड्याखाली बेगड घातलेली असते. माणकाचा तो आतून पेटल्यासारखा लाल बऱ्याच अंशी बेगडीचा असतो. अशी नथ पाण्यात बुडवून धुतली की पाणी कोंदणात शिरतं, बेगड काळी पडते आणि खडा कायमचा मंद होतो. किंचित ओलसर मऊ कापडाने मोती पुसावेत, कोंदणाला कोरडं कापड लावावं. अत्तर, पावडर, केसांचा फवारा सगळं आटोपल्यावर नथ घालावी आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावी. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा मऊ सुती कापडात ठेवलेली बरी.

जुन्या नथीची तार कधी तरी झिजतेच आणि ती नव्याने गाठवून घ्यावी लागते. त्याआधी तिच्या पाठीचे जवळून फोटो काढून ठेवा, तिरप्या उजेडात, म्हणजे वेढे वेगवेगळे दिसतील. मोत्यांचा क्रम कागदावर काढून प्रत्येकाला आकडा द्या. नुसते मोजून दिले तर संख्या बरोबर येते, पण पिवळसर शेजारी गुलाबी बसतो आणि रंगाचा तो सावकाश चढ मोडतो. काम देताना कारागिराला सांगा की तार समोरून दिसता कामा नये, गोंद नको, आणि जुन्या तारेचे तुकडे परत हवेत. ते सोनं आहे म्हणून तर हवेतच, शिवाय त्यांच्यावरच्या वेढ्यांच्या खुणा बघून आधीच्या हाताने तार किती ओढली होती हे नव्या हाताला कळतं. समजूतदार कारागीर ते तुकडे काम सुरू करण्याआधी स्वतःच मागून बघतो.